मे महिन्यात काम चालू ठेवायचं असेल तर : कामाच्या जागी उन्हापासून माणसं जपायची पद्धत

विदर्भातल्या एका बांधकामावरची मे महिन्यातली दुपार. साडेतीन वाजले होते. सळया बांधणारा एक पोरगा, असेल बावीस-तेवीस वर्षांचा, स्लॅबच्या जाळीवर वाकून तार पिळत होता. मी बाजूने जाताना पाहिलं, जो सांधा बांधून झालाय त्याच सांध्यावर तो पुन्हा तार गुंडाळतोय. पिळली, हूक काढला, परत तिथेच. मी त्याला नाव विचारलं, त्याने गावाचं नाव सांगितलं. शर्ट घामाने पाठीला चिकटलेला होता आणि डोळे माझ्याकडे असून माझ्याकडे नव्हते.

त्याला चौघांनी उचलून खाली सावलीत आणलं. क्युरिंगचा, म्हणजे काँक्रीटवर पाणी मारायचा, पाइप चालू होता, तोच त्याच्या अंगावर धरला आणि गाडी येईपर्यंत धरून ठेवला. संध्याकाळी दवाखान्यात तो नीट बोलायला लागला. तो वाचला.

मुकादम मला म्हणाला, "साहेब, पाणी तर ठेवलंय ना." खरंच ठेवलं होतं. वीस पावलांवर माठ होता, ओल्या गोणपाटात गुंडाळलेला. पण काम टनावर होतं, म्हणजे जितके टन सळई बांधाल तितके पैसे. एक माणूस शिडीने खाली उतरला की टोळीतल्या बाकीच्यांचा हात अडतो आणि सगळ्यांची मजुरी घटते. शिवाय या पोराचा तो साइटवरचा दुसराच दिवस. दुसऱ्याच दिवशी "मी जरा बसतो" म्हणायची त्याची हिंमत कुठून होणार?

तेव्हापासून कुठल्याही कारखान्यात किंवा साइटवर गेलो की मी पाण्याबद्दल नंतर विचारतो. आधी विचारतो : इथे माणूस थांबला तर त्याचे पैसे जातात का? पुढे लिहिलंय ते सगळं या प्रश्नाभोवती आहे. वर्कशॉपचे मालक, ठेकेदार, सुपरवायझर, सोसायटीचं काम काढलेले सेक्रेटरी, ज्यांच्या सांगण्यावरून दुसरी माणसं उन्हात उभी राहतात त्या सगळ्यांसाठी हे आहे. कामगारांनीही वाचावं, कारण यातलं बरंचसं मागून घेता येतं.

पहिली पायरी : मोजा, आणि योग्य ठिकाणी मोजा

मोबाइलवर दिसणारं तापमान वेधशाळेच्या सावलीतलं असतं. तुमच्या पत्र्याच्या शेडखालचं, भट्टीच्या तोंडाशी असलेलं, क्रेनच्या केबिनमधलं तापमान वेगळं. आणि नुसतं तापमान मोजूनही भागत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्याने. हवा दमट असेल तर घाम वाळत नाही, नुसता ओघळतो.

म्हणून दोन तापमापक घ्या. एक साधा ठेवा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलची पट्टी गुंडाळा आणि पट्टीचं दुसरं टोक पाण्याच्या बाटलीत सोडा. हा झाला ओला तापमापक. त्याला वारा लागला पाहिजे. जमिनीपासून दीड मीटर उंचीवर, माणूस जिथे उभा राहून काम करतो तिथे दोन्ही लावा. ऑफिसच्या भिंतीवर लावून काही कळणार नाही. सकाळी ८, दुपारी १२, ३ आणि संध्याकाळी ५ वाजता वहीत आकडे लिहा. बाजारात तयार मीटरही मिळतो, त्याला काळा गोळा असतो आणि तो सूर्याची व भट्टीची झळही धरतो. परवडत असेल तर तोच घ्या.

आता आकड्यांचा अर्थ. चंद्रपूरला ४५ अंश आणि हवेत १५ टक्के आर्द्रता असेल, तर ओला तापमापक साधारण २४ दाखवेल. मुंबईत ३४ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर तोच ३० दाखवेल. कारखान्यांच्या आदर्श नियमावलीत कामाच्या खोलीसाठी ओल्या तापमापकाची कमाल मर्यादा ३० अंश आहे आणि हवेचा वेग मिनिटाला किमान ३० मीटर हवा असं म्हटलं आहे. म्हणजे ज्या दिवशी पेपरात चंद्रपूरच्या उन्हाची बातमी असते, त्या दिवशी नियमाची रेघ कदाचित भिवंडीच्या किंवा तळोज्याच्या शेडमध्ये ओलांडली गेलेली असते. कोकणपट्टीतल्या मंडळींनी हे विशेष लक्षात घ्यावं. १६ एप्रिल २०२३ ला खारघरला महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उघड्या मैदानात बसलेल्यांपैकी १४ जण उन्हाने गेले. तिथे विदर्भासारखं ४५ तापमान नव्हतं.

उलट, विदर्भ-खानदेशात ओला तापमापक २४ दाखवतो म्हणून निर्धास्त होऊ नका. इथे घात करते ती झळ : तापलेला पत्रा, तापलेलं लोखंड, डोक्यावरचा सूर्य. कोरड्या हवेत घाम येतो तसा वाळून जातो, त्यामुळे आपल्या अंगातून किती पाणी गेलं हे माणसाला कळतच नाही. इथे साधा तापमापक आणि कामाच्या जागेची झळ, या दोन्हींवर नियम बांधा.

दुसरी पायरी : रोज सकाळी कोणीतरी इशारा वाचला पाहिजे

हवामान विभाग मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० आणि किनाऱ्यावर किमान ३७ असल्याशिवाय उष्णतेच्या लाटेचा विचार करत नाही. त्यानंतर ते सरासरीपेक्षा ४.५ अंशांनी वर गेलं तर लाट, ६.४ च्या पुढे गेलं तर तीव्र लाट. थेट ४५ ला पोचलं तरी लाट, ४७ ला तीव्र लाट. जिल्ह्यानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असा रंग दिला जातो.

हा रंग पाहून फळ्यावर लिहिण्याची जबाबदारी एका माणसावर टाका, नावानिशी. तो रजेवर गेला तर कोण, तेही ठरवा. "सगळ्यांनी लक्ष ठेवा" म्हटलं की कोणीच ठेवत नाही. मी ज्या ठिकाणी काम पाहतो तिथे आम्ही असं ठरवलंय : पिवळा असेल तर दर तासाला दहा मिनिटं सावलीत आणि पाण्याची फेरी. नारिंगी असेल तर उघड्यावरचं जड काम १२ ते ४ बंद, आतल्या कामाला अर्ध्या तासाला दहा मिनिटं. लाल असेल तर उघड्यावरचं काम सकाळी ११ लाच थांबतं, आणि भट्टीजवळ किंवा पत्र्यालगत उंचावर कोणालाही एकट्याने पाठवत नाही. हे आकडे जसेच्या तसे उचलू नका. तुमचं काम किती जड, झळ किती, हे पाहून ठरवा. पण ठरवा मार्चमध्ये, डोकं थंड असताना. मे महिन्यात स्लॅबची तारीख डोक्यावर असताना घेतलेला निर्णय नेहमी स्लॅबच्या बाजूने जातो.

तिसरी पायरी : वेळ हलवा, पण झोपेचा हिशेब धरून

सकाळी ६ ते ११ आणि दुपारी ४ ते ७ ही वाटणी बऱ्याच ठिकाणी होते आणि ती चांगली आहे. केरळात कामगार खातं उन्हाळ्यात १२ ते ३ उघड्यावर काम बंद ठेवायचा आदेश काढतं. आखातात गेलेल्या आपल्या लोकांना हे ठाऊक आहे : अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्या उन्हात काम घेता येत नाही. कतारमध्ये २०२१ पासून १ जून ते १५ सप्टेंबर सकाळी १० ते दुपारी साडेतीन बंदी आहे, आणि काळ्या गोळ्याच्या मीटरचा एकत्रित आकडा ३२.१ च्या वर गेला तर कुठल्याही वेळी काम थांबवावं लागतं. आपल्याकडे असा आकडा धरून सगळ्यांना लागू होणारा काम-बंदचा नियम नाही. केंद्राचं कामगार मंत्रालय राज्यांना कामाच्या वेळा बदलण्याचा सल्ला देतं, पण सल्ला आणि नियम यात फरक आहे. म्हणूनच तुमच्या साइटचा नियम तुम्हालाच लिहावा लागतो.

वेळ बदलताना एक चूक सर्रास होते. पाळी सहाला सुरू करतात, पण कामगार जिथे झोपतात त्या पत्र्याच्या खोल्या रात्री एकपर्यंत तापलेल्या असतात. माणूस दोनला झोपतो, साडेचारला उठतो. झोप न झालेलं शरीर उन्हाला लवकर हार जातं. लेबर कॅम्पच्या छतावर संध्याकाळी पाणी मारा, अंगणात झोपायची सोय करा, मच्छरदाण्या द्या. दुपारच्या सुट्टीत त्यांना त्याच तापलेल्या खोलीत पाठवू नका. तळमजल्याचा भरलेला भाग, जिथे भिंती झाल्यात आणि वारा येतो, तो दुपारी आराम करायला मोकळा ठेवा.

आणि मजुरी. रोजंदारी असेल तर सुट्टीची मिनिटं कामातच धरायची, यात वाद नको. नगावर, टनावर, ब्रासवर काम असेल तर एप्रिल-मे-जूनसाठी दर वाढवून बांधा किंवा दिवसाची किमान हमी द्या. हे केलं नाही तर बाकी सगळ्या पायऱ्या कागदावर राहतील. थांबल्याने ज्याचं पोट कापलं जातं तो थांबत नाही, त्याला कितीही समजावून सांगा.

चौथी पायरी : पहिला आठवडा

सगळ्यात जास्त जीव जातात ते इथे. कामावर उष्णतेने गेलेल्यांचे दाखले तपासले तर मोठा हिस्सा अशांचा निघतो जे त्या कामावर पहिल्या काही दिवसांतच होते. कारण साधं आहे. उन्हाची सवय ही शरीरात घडणारी गोष्ट आहे. ७ ते १४ दिवसांत शरीर लवकर घाम काढायला शिकतं, घामातून मीठ कमी सोडतं, रक्ताचं प्रमाण वाढवतं, तेच काम कमी ठोक्यांत करतं. ज्याला सवय नाही त्याच्या अंगात हे काहीच झालेलं नसतं, मग तो कितीही धट्टाकट्टा असो. उलट धट्टाकट्टा तरुणच जास्त ओढून नेतो.

नव्या माणसासाठीचं माप असं आहे : उन्हातल्या कामाचा पूर्ण भार १०० धरला, तर पहिल्या दिवशी २०, दुसऱ्या दिवशी ४०, मग ६०, ८०, आणि पाचव्या दिवशी १००. बाकीचा वेळ त्याला सावलीतलं काम द्या : रिंगा मोजणं, माल उतरवून घेणं, पाणी वाटणं. जुनाच माणूस पण लग्नासाठी किंवा आजारपणात आठवडा-दोन आठवडे गावी जाऊन आलाय, तर त्याला ५०, ६०, ८०, १०० असं चार दिवसांत चढवा. सवय जशी लागते तशी सुटतेही. आपल्याकडे लग्नसराई आणि उन्हाळा एकाच वेळी येतात, त्यामुळे मे महिन्यात गावाहून परतणारे खूप असतात आणि त्यांना कोणी नवं समजत नाही.

एक गोष्ट करा. नव्या आणि परतलेल्या माणसाच्या हेल्मेटवर पाच दिवस रंगीत पट्टी चिकटवा. मुकादमाला लांबून दिसलं पाहिजे की याला जपायचंय. आणि त्याच्याबरोबर एक जुना जोडीदार द्या, त्याची भाषा बोलणारा. छत्तीसगडहून किंवा तेलंगणातून आलेल्या पोराला "चक्कर येतेय" हे ज्याला सांगता येईल असा कोणीतरी शेजारी हवा.

पाचवी पायरी : पाणी, मीठ, आणि संडास

जड काम करणाऱ्या माणसाला दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, म्हणजे सुमारे २४० मिली पाणी लागतं. तासाला पाऊण ते एक लिटर. एका तासात दीड लिटरच्या वर पिऊ नये, त्याने रक्तातलं मीठ पातळ होतं आणि तेही जिवावर येतं. तहान लागण्याची वाट पाहू नका, ती उशिरा लागते.

हिशेब करा. ४० माणसं, तासाला एक लिटर, आठ तास : ३२० लिटर. वीस लिटरचे सोळा जार. किती ठिकाणी दिवसाला चार जार येतात आणि "पाणी भरपूर आहे" असं सांगितलं जातं! पाणी माणसापर्यंत गेलं पाहिजे, माणूस पाण्यापर्यंत नाही. उंचावर काम करणाऱ्यांना दोरीने वर पोचवा, क्रेनच्या ऑपरेटरला केबिनमध्ये बाटली द्या. एकच ग्लास साखळीला बांधून ठेवू नका.

दोन वेळा पोटभर जेवणाऱ्याला साध्या पाण्यावर भागतं, मीठ जेवणातून मिळतं. चार-चार तास घामाने निथळणाऱ्याला ओआरएस द्या, एक पाकीट एक लिटर पाण्यात, पाकीट अर्ध्या ग्लासात कधीच नाही. घरी करायचं तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. ताक, कैरीचं पन्हं, लिंबाचं सरबत, कोकम, हे सगळं चांगलं. मिठाच्या गोळ्या नुसत्या गिळायला देऊ नका. डबाबंद एनर्जी ड्रिंक आणि रात्रीची दारू दोन्ही दुसऱ्या दिवशी नडतात. खिशात कांदा ठेवणारे ठेवोत, श्रद्धेला माझी ना नाही, पण कांदा आहे म्हणून पाण्याची फेरी चुकवू देऊ नका.

आता ज्यावर कोणी बोलत नाही ते. बांधकामावर विटा-रेती वाहणाऱ्या बायकांना मी विचारलं की पाणी का पीत नाही. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक बाई म्हणाली, "पिलं तर जायचं कुठं, भाऊ?" सकाळी घरून निघताना त्या पाणी प्यायच्याच नाहीत, थेट संध्याकाळी. चाळीस-बेचाळीस अंशांत, डोक्यावर घमेलं घेऊन. दार लागणारा, आत पाणी असलेला, बायकांसाठी वेगळा संडास चालत दोन-तीन मिनिटांच्या आत हवा. तो नसेल तर तुमच्या सोळा जारांपैकी त्यांच्या वाट्याचे जार भरलेलेच राहतात.

लघवीच्या रंगाचा तक्ता संडासाच्या दारामागे आतून लावा. फिकट पिवळा ठीक, गडद चहासारखा असेल तर लगेच सावलीत आणि पाणी.

सहावी पायरी : छप्पर, वारा, कपडे

पत्र्याच्या छताला बाहेरून पांढरा रंग किंवा चुना द्या. सगळ्यात स्वस्त उपाय हाच आणि फरक त्याच दिवशी हाताला जाणवतो. छतावर फिरते टर्बो व्हेंटिलेटर बसवा, पण खाली हवा आत यायला जागा नसेल तर ते नुसते फिरतात.

वाळ्याचा किंवा गवताच्या ताट्यांचा कूलर नागपूर-अकोल्यात उत्तम चालतो कारण हवा कोरडी असते. तोच कूलर ठाणे-रत्नागिरीत लावला तर दमटपणा वाढतो, घाम वाळत नाही, त्रास वाढतो. तिकडे हवा ओढून बाहेर फेकणारे एक्झॉस्ट लावा. विदर्भातही एक सांभाळा : हवा ४० अंशांच्या वर गेली की कोरडा पंखा अंगावर गरम वाराच मारतो. तेव्हा अंग, गमछा ओला करा, मग पंख्यासमोर बसवा.

सैल, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट द्या. हेल्मेटखालून मानेवर येणारा ओला दुपट्टा चालेल, फक्त फिरत्या मशीनजवळ त्याची टोकं आत खोचलेली हवीत. ऊन आहे म्हणून हेल्मेट आणि सुरक्षा पट्टा काढायची परवानगी देऊ नका. ते घालून करायचं काम सकाळी घ्या.

रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांनी लघवी जास्त होते त्या, सर्दी-खाजेच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं शरीराची उष्णता सहन करायची ताकद कमी करतात. गोळी बंद करू नये, डॉक्टरांना कामाचं स्वरूप सांगावं. मार्चमध्ये एकदा सगळ्यांची तपासणी करून घ्या आणि ज्याला जपायचंय त्याला सावलीतलं काम द्या. त्याची मजुरी कमी न करता, नाहीतर पुढच्या वर्षी कोणी आजार सांगणार नाही.

सातवी पायरी : पहिली दहा मिनिटं

ही पायरी भिंतीवर लावा आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात करून दाखवा.

पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर, खूप घाम, पण माणूस शुद्धीत आणि बोलणं सरळ : सावली, बूट-शर्ट सैल, पाय वर, ओलं कापड, घोट घोट ओआरएस. एकटं सोडायचं नाही. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरं वाटलं तरी त्या दिवशी पुन्हा उन्हात नाही.

बोलणं भरकटतंय, चाल अडखळतेय, चिडचिड करतोय, नाव नीट सांगत नाही, झटका आला, बेशुद्ध पडला : हा उष्माघात. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड मिनिटामिनिटाला बिघडत असतात. इथे जुना समज जीव घेतो : "घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही." काम करताना होणाऱ्या उष्माघातात घाम बहुतेक वेळा चालूच असतो. त्या पोराचाही होता. घाम पाहू नका, डोकं ठिकाणावर आहे का ते पाहा. तीन प्रश्न विचारा : नाव काय, आज वार कोणता, इथे काय काम करतोस?

उत्तर चुकलं की एकाने १०८ ला फोन करायचा आणि फाटकावर जाऊन गाडीला वाट दाखवायला उभं राहायचं. बाकीच्यांनी त्याच क्षणी थंड करायला लागायचं. गाडीची वाट पाहत बसायचं नाही. सगळ्यात चांगलं म्हणजे थंड पाण्यात मानेपर्यंत बुडवणं, डोकं धरून. टाकी नसेल तर ताडपत्री घ्या, माणसाला मध्ये ठेवा, चौघांनी कडा उचलून झोळी करा आणि आत पाणी-बर्फ ओतून हलवत राहा. तेही नसेल तर पाइप धरा आणि वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत बर्फाची फडकी. पहिल्या अर्ध्या तासात ताप उतरवता आला तर वाचण्याची शक्यता फार वाढते. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, फुप्फुसात जातं. कुशीवर वळवा. तापाची गोळी देऊ नका, हा ताप तिने उतरत नाही आणि यकृताला त्रास होतो.

म्हणजे साइटवर काय हवं : एक जाड ताडपत्री, बर्फाची पेटी रोज सकाळी भरलेली, शंभर लिटर पाणी राखीव, पाइप, एक थर्मामीटर, आणि ज्यांनी हे आधी करून पाहिलंय अशी प्रत्येक पाळीत किमान दोन माणसं. मुकादम त्यात हवाच.

आठवी पायरी : कायद्याचा आधार कुठे आहे

१९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम १३ हवा आणि तापमानाचं, कलम १८ पिण्याच्या पाण्याचं. २५० पेक्षा जास्त कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी देणं त्यातच बंधनकारक होतं. सलग पाच तासांच्या आत किमान अर्ध्या तासाची सुट्टी कलम ५५ मध्ये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची २०२० ची संहिता लागू झाली आणि हा अधिनियम तिच्यात सामावला गेला. नवे नियम बसेपर्यंतच्या काळात जुने नियम चालू राहतात. संहितेत तापमान, आर्द्रता, हवा, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार या मालकाच्या जबाबदाऱ्या आहेत, पन्नासपेक्षा जास्त कामगारांच्या कारखान्यात विश्रांतीची खोली आहे, शंभर किंवा त्याहून जास्त असतील तर उपाहारगृह आहे.

कामगारासाठी सगळ्यात कामाचं या संहितेचं कलम १४ आहे. जिवाला किंवा तब्येतीला तात्काळ धोका आहे असं वाजवी कारणाने वाटलं तर तो मालकाला, किंवा सुरक्षा समितीच्या सदस्यामार्फत, कळवू शकतो आणि त्याच वेळी सरकारी निरीक्षकालाही. मालकाची खात्री पटली तर त्याने लगेच उपाय करायचे, पटली नाही तर प्रकरण निरीक्षकाकडे जातं आणि त्याचा निर्णय शेवटचा. राज्यात कारखान्यांसाठी औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय आहे. तोंडी सांगू नका. तारीख, वेळ, तापमापकाचा आकडा, ठिकाण, चार ओळींत लिहा आणि मोबाइलवर फोटो ठेवा. पहिल्या पायरीतली वही इथे उपयोगी पडते.

कामावर उष्माघात झाला तर तो "उन्हाने आजारी पडला" म्हणून घरी पाठवायचा विषय नाही. कामामुळे आणि काम करताना झालेली इजा म्हणून नोंद करा, विमा योजनेत असेल तर तिथे कळवा. नोंद न करणारा ठेकेदार त्या घराचा भरपाईचा हक्क हिरावून घेतो.

नववी पायरी : एका पानाचा नियम

वीस पानांचं धोरण कोणी वाचत नाही. आमच्या फाटकावर लावलेला मजकूर असा आहे, मराठीत आणि हिंदीत :

"आजचा रंग : ____. आज उन्हाची जबाबदारी : ____, फोन ____. चक्कर, मळमळ, डोकेदुखी वाटली तर कोणालाही न विचारता थांबा आणि सावलीत बसा. मजुरी कापली जाणार नाही. जोडीदाराला थांबवणाऱ्याचीही कापली जाणार नाही. मुकादमाने अडवलं तर वरच्या नंबरवर फोन करा. नाव-वार-काम सांगता येत नसेल तर १०८ आणि ताडपत्री."

खाली मालकाची सही हवी. सुपरवायझरची चालत नाही, कारण पैशाचं वचन त्याला देता येत नाही. सही होण्यासाठी मला दोन आठवडे मागे लागावं लागलं. सही झाली त्या दुपारी तीन माणसं पहिल्यांदा आपण होऊन येऊन बसली. त्यातला एक पन्नाशीचा गवंडी होता, म्हणाला, चार दिवसांपासून डोकं दुखतंय.

हा कागद आणि मोजणीची वही नवतपा, म्हणजे मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, संपला म्हणून काढून टाकू नका. मृगाची पहिली सर येते, तापमान सात-आठ अंशांनी उतरतं, सगळे सुटकेचा श्वास टाकतात आणि दुपारची सुट्टी बंद होते. पण जमीन तापलेली असते, हवेत ओल भरते आणि ओला तापमापक मे महिन्यापेक्षा वर चढतो. त्याच सुमारास शेतीची कामं आटोपायला गेलेली माणसं परत येतात आणि नवी भरती होते. आम्ही वही सलग दहा दिवस ओला तापमापक २७ च्या खाली राहिल्यावर बंद करतो. काही वर्षी तो दिवस जुलैच्या मध्यात येतो. तोवर बर्फाची पेटी रोज भरतात, आणि नव्या माणसाच्या हेल्मेटवर पट्टी लागते.